चूक कादरी सरांची नव्हती

मोबाइलच्या अ‍ॅपनं नव्या अटी दाखवल्या, की आपण ‘मान्य’ दाबून मोकळे होतो. कादरी सर त्या अटी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत. तेही उस्मानपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर, मागं गिऱ्हाईकं ताटकळलेली असताना. शेवटी टपरीवाला हात जोडायचा, "सर, चहा माझ्याकडून. पण आता बस करा!"

"फुकट नको, मियाँ. सातवी अट ऐक, तुझ्याच कामाची आहे."

आमच्या विधी महाविद्यालयात ते बँकिंग कायदा शिकवायचे, मी विभागप्रमुख. एका जागी बसणं त्यांना जमतच नसे. व्हरांड्यात येरझारा घालायचे आणि दिसेल त्या पोराला अडवायचे. "पेमेंट अडकलं तर दाद कुणाकडं मागशील? बँकेकडं, का अ‍ॅपवाल्याकडं?" पोरगं गडबडलं की सर खूश. "नाय माहीत? मग हाच तुझा संशोधनाचा विषय!" एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी आहेरासोबत नवरदेवाला विषयही दिला होता.

सोयगावची संगीता त्यांच्या तावडीत पक्की सापडली. कर्ज देणारी अ‍ॅपं इंग्रजीत परवानगी मागतात. परवानगी देणाऱ्याला ती कळलीच नसेल, तर कायद्यानं तिला संमती म्हणायचं का? हे विचारायला सरांनी तिला शहागंजातल्या दुकानांत पाठवलं.

"बांगडीवाले चाचा म्हणले, आमाला वाटलं फोटो मागतेत. त्यांनी तर सगळ्या सोयऱ्यांचे नंबर घेतले!" ती सांगायची. सर टेबलावर थाप मारायचे, "लिही! जसंच्या तसं लिही!"

माझ्या तासाची पोरं त्यांच्यामागं बाजारात हिंडू लागली. ते मला झोंबलं, हे आज लिहून टाकतो. स्पर्धेला पाठवायचा संगीताचा निबंध माझ्या सहीसाठी आला, तेव्हा मी तो कपाटात ठेवून दिला. मुदत गेली.

संगीता विचारायला आली. कादरी सर समोरच उभे होते. मी म्हणालो, "माझ्यापर्यंत आलाच नाही."

आवक नोंदवहीत माझी सही होती, आणि ती सरांनी पाहिली होती. ते संगीताकडं वळले. तिला म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला, बेटा. माफ कर."

"सर, लई हिंडले हो मी उन्हातान्हात," एवढंच बोलून ती गेली.

पोरांत बातमी पसरली. सर व्हरांड्यात दिसले की पोरं मागच्या जिन्यानं निसटू लागली. तरी सर येरझारा घालतच राहिले, अडवायला कुणी नसताना.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मला राहवलं नाही. "तेव्हा खरं का नाही बोललात?"

"मी तर चाललोच होतो, साहेब. तिला अजून दोन वर्षं तुमच्याच हाताखाली काढायची होती. तुमच्यावरचा भरवसा उडाला असता, तर पोरीनं लिहिणंच सोडलं असतं."

पुढं तोच विषय वाढवून संगीतानं प्रबंध लिहिला. मार्गदर्शक मी. तो बघायला सर माझ्या घरी आले. उभ्याउभ्याच चाळला. आभाराचं पान दोनदा वाचलं. तिथं माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. मग दारात चप्पल शोधता शोधता, "माझी चौकशी करते का हो कधी?"

"करते की. नेहमी करते."

केवढा उजळला त्यांचा चेहरा! तेही मी खोटंच बोललो होतो.

संगीता, सर घरीच असतात. एकदा जाऊन ये.