डिमसमची पंगत

मंजुषानं योजनाच अशी आखली होती, की चुकायला जागा नव्हती! रविवारची दुपार, वर्ध्यात नवीन उघडलेलं 'गोल्डन बांबू' हॉटेल, डिमसमचा बुफे, सोबतीला आईच्या दोन खवय्या मैत्रिणी आणि मधोमध बाबा. बाबा पोटभर जेवणार म्हणजे जेवणारच! "सोमवारी विचारा मला," असं तिनं कॉलेजातल्या अख्ख्या स्टाफरूमला छातीठोकपणे सांगूनही टाकलं.

योजनेची गरज अशी, की दिवाळीच्या तोंडावर आई, म्हणजे आनंदाबाई, गेली आणि बाबांचं जेवण तिच्या मागोमाग निघून गेलं. बबनराव म्हणजे एके काळी पातेल्याचा तळ दिसल्याशिवाय न उठणारा माणूस. जन्मभर समुद्रपूरच्या एसटीवर कंडक्टरकी केली, पण गाडी चुकली तरी चालेल, जेवण चुकू द्यायचं नाही! आता एक पोळी, चमचाभर भात, की हात धुवायला उठलेच. पँट सरकायला लागली म्हणून त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. पट्टा हळूहळू बासरीसारखा दिसायला लागला!

"बाबा, भात वाढू?"

"नको."

"बरं."

की मंजुषा पातेलं उचलून आत. ती कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. दुःखातल्या माणसावर सक्ती करू नये, त्याच्या नकाराचा मान राखावा, असं तिनं जाडजाड पुस्तकांतून वाचलं होतं. आणि ती इतका मान राखत होती, की बाबांचे गाल आत गेले! डॉक्टर झाले, भुकेचं टॉनिक झालं, दुधीचं सूप झालं. भरीस भर म्हणून सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरात उंदीर झाले. बिस्किटांचे पुडे रिकामे, चिवड्याचा डबा तळाला. मंजुषानं पिंजरा आणून त्यात भजं लावलं. सकाळी भजं गायब, उंदीर नाही!

डिमसमचं वेड आईचं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती मोबाईलवर या वाफाळत्या पुरचुंड्या बघायची आणि म्हणायची, "बरी झाली का कमलेले नं धुरपतेले घेऊन जाऊ." त्या वाक्याचं आता काय करायचं, हे काही मंजुषाला पुस्तकांत सापडलं नव्हतं. मग एक दिवस हॉटेलचा फलक दिसला.

कमलाबाई आणि धुरपताबाई दारातच उभ्या होत्या. तिघी मैत्रिणी असताना यांचा दरारा असा, की गिरडच्या वाटेवर कुठं पानांत भाजलेले पानगे चांगले होतात म्हणून कुणी नुसतं कुजबुजलं, तरी या दुसऱ्या दिवशी एसटीत! दिवाळीपासून मात्र दोघी कुठंच गेल्या नव्हत्या.

"मंजू, हे मोमोच होय न?" कमलाबाईंनी आत पाय ठेवताच विचारलं.

"नाही काकू. मोमो वेगळे. हे चहाबरोबर थोडं थोडं, निवांत खायचं असतं."

"थोडं थोडं?" कमलाबाई दचकल्या. "बिमार लोकायचं हाये का?"

धुरपताबाईंनी तोवर वेताच्या टोपलीचं झाकण उचललं होतं. "अवो माय! चुण्या पाह्य किती बारीक! पारीतून सारन दिसून राह्यलं! कोनं केलं हे? त्या बाईले भेटाचं हाये मले."

बाई नव्हती. निळा कोट घातलेला पियुष नावाचा मॅनेजर होता. पुण्याला राहून आलेला, केसांना काहीतरी चोपडलेलं. त्यानं नम्रपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'कृपया स्वतः वाढून घ्यावे.'

इथंच योजनेला पहिला तडा गेला! कारण बबनरावांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हातानं स्वतःला वाढून घेतलं नव्हतं. ते थाळी घेऊन रांगेत उभे राहिले खरे, पण कंडक्टरचा पिंड!

"व्हा, तुम्ही व्हा पुढे."

"या न ताई, लेकरू हाये सोबत, तुम्ही व्हा."

सगळा हॉल पुढे झाला. बाबा जिथं होते तिथंच! शेवटी रिकामी थाळी घेऊन ते खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांनी रुमालानं ओठ पुसले, जणू जेवणच झालं. मंजुषानं धावत जाऊन चार डिमसम आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते खाल्ले.

"अजून आणू?"

"नको."

"बरं," मंजुषा म्हणाली. स्टाफरूम तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

आता खरं सांगायचं, तर हॉलमध्ये उपाशी एकटे बाबाच नव्हते. नवीन हॉटेल, काड्यांनी खायचा पदार्थ आणि चारचौघांत आपणच हावरट दिसायची भीती! प्रत्येकानं एकेक तुकडा घेतला होता आणि सगळे एकमेकांच्या थाळ्यांकडे बघत बसले होते. टोपल्यांचे मनोरे नुसते वाफ सोडत उभे. अशी शांतता तर परीक्षेच्या हॉलमध्येही नसते!

कमलाबाईंनी पर्समधून ठेच्याची डबी काढली आणि डिमसमला बोटभर ठेचा लावला. शेजारच्या टेबलावरचे जाडजूड गृहस्थ, रूपराव, वाकून वास घ्यायला लागले.

"घ्या न जी," कमलाबाई म्हणाल्या.

"नाई नाई, राहू द्या."

"घ्या हो, घरचाच हाये."

"नको, खरंच नको."

तिसऱ्यांदा कमलाबाईंनी विचारलंच नाही. सरळ ठेचा वाढला! रूपरावांनी तो असा चाटून पुसून खाल्ला, की पलीकडच्या टेबलावरची बाईसुद्धा म्हणाली, "ठेचा हाये का वो?" मग ठेचा निघाला फेरीवर. आता नुसता ठेचा कसा वाढणार? धुरपताबाईंनी पदर खोचला, टोपली कमरेवर घेतली आणि त्या मागोमाग निघाल्या.

"बसा, बसा, कोनी उठू नका! वाढून राह्यलो न आम्ही!"

"मॅडम! मॅडम, हा बुफे आहे!" पियुष धावत आला.

"मंग तू का उभा हाय? जग घे, पानी वाढ!"

आणि आश्चर्य म्हणजे त्यानं जग घेतला! निळ्या कोटाच्या आतला पोरगा सेलूचा होता आणि सेलूत मावशीला नाही म्हणायची पद्धत नाही.

लोकांनी टेबलं जोडली. दोन ओळी झाल्या. पंगत बसली! "इकडे एक गोल द्या!" "इकडे ते पांढरं फुगलेलं!" "आजोबांले वाढा!" जो तो 'नको' म्हणायचा आणि जो तो खायचा. मंजुषा एका हातात चटणीची वाटी घेऊन, जिथून सुटका नाही अशा लग्नातल्या करवलीसारखी दोन ओळींमधून फिरत राहिली.

तेवढ्यात एक वयस्क जोडपं दारातून आत आलं. समोर पंगत आणि पंगतीच्या टोकाला एकटा, गंभीर म्हातारा! जोडप्यानं सरळ येऊन बाबांच्या पायांना हात लावला. "पंच्याहत्तरी का? शतायुषी व्हा!"

"अहो, मी..." बाबा म्हणेपर्यंत बातमी दोन्ही ओळींतून फिरून आली होती. रूपराव गहिवरून उठले. त्यांचा स्वतःचा सकाळीच कुठंतरी सत्कार झाला होता. तीच शाल आणि तोच नारळ त्यांनी गाडीतून आणला आणि बाबांच्या गळ्यात घातला, म्हणजे शाल गळ्यात, नारळ हातात. टाळ्या! पियुषनं घाईघाईनं वाढदिवसाचं गाणं लावलं.

"बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत हो!" मंजुषा ओरडत होती. कोण ऐकतो!

"उत्सवमूर्तीच्या ताटात काहीच नाही!" कुणीतरी ओरडलं.

सगळा हॉल थांबला. कमलाबाई टोपली घेऊन बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, घ्या."

"नको."

"घ्या न जी, गरम हाये."

"नको, नको, झालं माह्यं." बाबांनी थाळीवर हात आडवा धरला.

मंजुषा पुढे धावली. "काकू, ते नको म्हणताहेत ना!"

कमलाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मीठ न घातलेल्या भाजीकडे बघतात. "मंग का म्हनतीन? दे म्हनतीन? हात पाह्य त्यायचा."

मंजुषानं बघितलं. हात थाळीवर आडवा होता, पण बोटं पसरलेली होती. चांगली ऐसपैस! कमलाबाईंनी दोन बोटांच्या मधून एक डिमसम अलगद खाली सोडला. दुसऱ्या फटीतून दुसरा. बाबांनी हात काढला आणि खाल्ले. पुन्हा "नको", पुन्हा हात, पुन्हा फटी! टोपली रिकामी झाली. धुरपताबाईंनी दुसरी आणली.

"आनंदा अशीच वाढे," कमलाबाई सहज म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं डोळ्यांत गेलेली वाफ पुसली. टोपलीत आता वाफ उरलीच नव्हती.

मंजुषा बाबांच्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसली. "बाबा, तुम्हाला इतके दिवस भूक लागत होती?"

बाबांनी घास संपवला. "लागे न."

"मग नको काऊन म्हणायचात?" रागाच्या भरात तीही बाबांच्याच बोलीवर आली.

"दोनदा नको म्हनाच लागते, बाई. पद्धत हाये. तिसऱ्यांदा तू विचारे कुठं? पातेलंच घेऊन जाय!"

"सांगायचं ना मला!"

"मले वाटलं..." बाबा शालीच्या गोंड्याशी चाळा करत राहिले. "मले वाटलं, तूच दुःखात हाय. तुले कायले तरास द्यावा."

मंजुषानं चटणीची वाटी उगाचच थोडी सरळ केली. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "म्हणजे बिस्किटं...? चिवडा...?"

"हौ," बाबा खाली बघत म्हणाले. आणि मग ताठ होऊन, "पिंजऱ्यातलं भजं मात्र मी नाई खाल्लं! तो खरा उंदीर होय!"

मंजुषा हसायला लागली. इतकी, की रूपरावांनी तिला पाणी दिलं. दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती, आणि ते तिच्या आधी बाबांच्या लक्षात आलं.

स्वयंपाकघरातून आरोळी आली, "सगळं संपलं!" पियुषचा चेहरा पडला; पण हात धुवून निघालेला जो तो "पुढच्या रविवारी कितीला बसवता पंगत?" असं विचारायला लागला, तसा तो सावरला. मंडळी निघाली, तेव्हा त्यानं 'स्वतः वाढून घ्यावे'ची ती पाटी भिंतीवरून काढून काउंटरमागे उलटी ठेवली. रिक्षात बसताना धुरपताबाई ओरडल्या, "पुढच्या रविवारी पानगे हायेत गिरडच्या वाटेवर! मंजू, भाऊजींले घेऊन येजो! आन् तुह्या पुस्तकायले घरी ठेवजो!"

घरी आल्यावर मंजुषाच्या अंगात बळ संचारलं होतं. तिन्हीसांजेलाच तिनं बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला, वर फोडणीचं तेल सोडलं आणि ती बाबांसमोर ठाण मांडून बसली.

"बाबा, भात."

"नको."

"घ्या."

"नको ग."

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही! बाबांचा आडवा हात बाजूला सारून डाव भरून वाढला. बाबांनी एकदा भाताकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि खाल्ला. तिनं पुन्हा वाढला. पुन्हा खाल्ला. आई कुठूनतरी बघत असेल, तर म्हणत असेल, शाब्बास! मग बाबांनी पट्टा सैल केला, बासरीची दोन्ही नवी भोकं ओलांडून थेट जुन्या भोकावर नेला, आणि ते भिंतीला टेकून कण्हले.

"काय झालं बाबा?"

"पोटात सुई जायले जागा नाई. आता खरंच नको होतं, बाई."

"मग खाल्लं काऊन?"

"वाढलं न तू."

मंजुषाला आठवलं. भाताच्या वेळी बाबांची बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. पण विजयाच्या भरात तिकडे लक्ष द्यायचंच राहून गेलं होतं! तिनं ओशाळून ओव्याची डबी आणली.

"थोडा ओवा घ्या, बाबा."

"नको," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात आडवा धरला.

मंजुषानं या वेळी नीट बघितलं. बोटं पसरलेली होती.