कढईच्या टप्प्यात

दुपारी झावेद्देला मागणी घालायला कागवा येणार होता आणि नेमकं त्याच सकाळी तिच्या आईच्या, एदिसाच्या, कढईला भोक पडलं. एदिसा मसाका शहराच्या बाजारात गेली, जाड बुडाची नवी कढई घेतली, कापडी पिशवीत टाकली आणि केळीच्या बागांमधल्या पायवाटेने घराकडे निघाली.

थोडं अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की मागून एक माणूस येतोय. ती थांबली की तो थांबायचा, ती चालू लागली की तोही चालू लागायचा. एकदा तिने वळून पाहिलं, तर गडी चक्क केळीच्या झाडामागे लपला.

चर्चच्या महिला मंडळात नुकत्याच एक बाई येऊन शिकवून गेल्या होत्या: हाताशी असेल ते हत्यार समजायचं. छत्री, किल्ल्या, पातेल्याचं झाकण, काहीही. तेव्हा एदिसा अगदी पुढे बसली होती. वळणावर ती आडोशाला उभी राहिली आणि तो माणूस टप्प्यात येताच तिने पिशवी गरकन फिरवली. ठण्ण आवाज झाला. माणूस "आई" एवढंच म्हणाला आणि कपाळ धरून वाटेकडेच्या चारीत बसला.

घरी अंगणात तिची नणंद नान्तुमे केळी सोलत होती. एदिसा धापा टाकत, पण छाती काढून म्हणाली, "वन्सं, आज एका चोराला आडवा केला मी."

"तुला लागलं नाही ना गं? दिसायला कसा होता मेला?"

"उंच. पायघोळ पांढरा अंगरखा, वर कोट. चोरसुद्धा आजकाल नटूनथटून येतात."

चुलीशी बसलेल्या झावेद्देचा हात थांबला. "आई, त्याच्या हातात काही होतं का?"

"कोंबडा होता. कुणाचा तरी ढापलेलाच असणार. पळाला तो कोंबडा."

झावेद्देने डाव खाली ठेवला. "मागणी घालायला येणाराच कोंबडा घेऊन येतो, आई. आणि कागवांना मी तुझा फोटो दाखवला होता," ती हळूच म्हणाली.

एदिसाने हातातली पिशवी झटकन खाली ठेवली. सासूने जावयाला शिवायचं नसतं, त्याच्या जवळही जायचं नसतं. शिवलं तर म्हातारपणी हात कापतात, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. आणि तिने तर सोयरीक जुळण्याआधीच त्याला चारीत बसवला होता.

"वन्सं," तिने पडलेल्या आवाजात विचारलं, "कढईने शिवलं, तर शिवलं धरायचं का हो?"

नान्तुमेने बराच विचार केला. "कढई पिशवीत होती ना?"

"हो."

"मग बघू."

कागवा ठरल्या वेळी आला. कोंबडा नव्हता, अंगरख्याला चिखल होता आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. एदिसा आतल्या खोलीत पडद्याआड जाऊन बसली. रीतच होती तशी, पण आज ती रीत नसती तरी ती तिथेच बसली असती.

"कपाळाला काय झालं?" नान्तुमेने साळसूदपणे विचारलं.

"मोटारसायकलवरून पडलो, आत्याबाई."

पोरगा आपल्याला पाठीशी घालतोय, हे ऐकून एदिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तिला राहवेना. "वन्सं, त्यांना सांगा, ते पडले नाहीत. मी मारलं."

बाहेरून कागवा म्हणाला, "चूक माझीच आहे. सासूबाईंच्या पुढे कसं जायचं, जवळ तरी कसं जायचं, म्हणून मागे मागे राहिलो. त्यांनी वळून बघितलं की लपायचो."

"अहो, पण तिने तुम्हाला ओळखलं नाही."

"ओळखलं नाही?" कागवाने टेंगूळ चाचपलं. "मला वाटलं ओळखलं. झावेद्दे म्हणाली होती, आई मनातलं लगेच बोलून दाखवते. म्हटलं, स्थळ पसंत नाही."

"आणि तरी आलात?"

"हो. म्हटलं, एकदा तोंडी विचारून घ्यावं."

पडद्याआड एदिसाने तोंड उशीत खुपसलं आणि तशीच म्हणाली, "वन्सं, पसंत आहे म्हणावं."

नान्तुमेला ते ऐकू गेलं नाही. एदिसाला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. ते शेजारच्या घरांतही ऐकू गेलं.