मन (दुय्यम विषय)

मनुष्याचे मन अथांग आहे, म्हणूनच विद्यापीठाने ते दुय्यम विषयात ठेवले आहे. १९८३ साली रत्नागिरीत माझा मुख्य विषय गणित होता. मनाला आठवड्यातून तीन तासिका पुरत, त्यातली एक प्रात्यक्षिकाची.

प्रात्यक्षिकाला एक माणूस लागतो. त्याला प्रयुक्त म्हणतात. त्याला वीस शब्द एकेक करून ऐकवायचे, मनात येईल ते त्याने लगेच बोलायचे आणि मध्ये गेलेला वेळ आपण स्टॉपवॉचने मोजायचा. उशीर झाला तर तिथे काहीतरी दुखते आहे, असे पुस्तक म्हणते. शनिवारपर्यंत जर्नलवर सरांची सही झाली नसती, तर मला परीक्षेला बसता आले नसते. म्हणून शुक्रवारी दुपारी मी शेजारच्या यमुनाकाकूंच्या मनात उतरायचे ठरवले.

प्रयुक्ताने स्वस्थ बसावे असा नियम आहे. काकू कुळीथ पाखडत बसल्या.

"म्हणजे मी बोलायचं नि तू घड्याळ बघायचं? याला कॉलेज लागतं गो?"

हा प्रतिसाद मी नोंदवला नाही (शब्द उच्चारण्यापूर्वी आला होता).

"घर" – "गळतं": १.४ सेकंद. "आगगाडी" – "येणार म्हणतात": १.२ (यादी पुण्यात तयार झाली होती; आमच्याकडे रूळ नव्हते). "नवरा" – "बोटीवर": ०.८, म्हणजे विक्रमच. "पत्र" –

सूप थांबले. १७.६ सेकंद गेले.

"पुढचा विचार गो."

हरिश्चंद्रकाका मालवाहू बोटीवर होते आणि गणपतीपासून पोस्टमन त्या दारात थांबला नव्हता. हे मला ठाऊक होते, पण जर्नलमध्ये त्याला रकाना नव्हता. मी पुढचा शब्द विचारला ("लिंबू").

वीस शब्द संपल्यावर काकूंनी विचारले, "पास झाले का गो मी?"

"काकू, यात पास-नापास नसतं."

"मग उद्याची घाई कसली तुला?"

घरी येऊन सरासरी काढली. पुस्तकात १.५ होती, माझी २.३ आली. विज्ञान शाखेत दोन वर्षे काढलेल्या मुलीला अशा वेळी काय करायचे ते सांगावे लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेतला लंबक कधीच चुकला नव्हता, कारण उत्तर आम्ही आधी लिहीत असू. १७.६ मधला सात मी खोडरबराने पुसला. सरासरी तंतोतंत १.५.

निष्कर्ष लिहिला: "प्रयुक्ताची मनःस्थिती सामान्य आहे." सरांनी सही केली, वर "सुबक" असा शेरा दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखाचे कौतुक केले.

प्रात्यक्षिकात वीसपैकी किती गुण पडले, हे मला आजवर सगळ्यांनी विचारले आहे (अठरा). पत्र आले का, हे कोणीच विचारले नाही, मीही नाही. कंसातला आकडा वाचून वाचकांना बरे वाटले असल्यास चिंतेचे कारण नाही. त्यांचीही मनःस्थिती सामान्य आहे.