तात्यांची रोज नवी वाट

सुनेच्या माहेरच्या लग्नात राधाकिशन तात्यांनी एका पाहुण्याला कडकडून मिठी मारली, पाऊसपाण्याचं विचारलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "तुमी कुणाकडचे?" पाहुणा म्हणजे सुनेचा बाप, त्यांचा सख्खा व्याही होता. मग सून तेजश्रीनं सासऱ्यांना गेवराईला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. वयाचा परिणाम आहे. मेंदूला काम द्या. रोज चाला, पण रोज वेगळ्या वाटेनं. मधेच थांबायचं, डोळे मिटायचे आणि नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायचं."

तात्यांना हे पटलं. पण त्यांच्या गावात, चकलांब्यात, बातमी पोचली ती अर्धीच: तात्यांना विसर पडायला लागलाय.

दुसऱ्या दिवशी ते पाराकडे न जाता ओढ्याच्या अंगाला वळले. मागून शेजारच्या अजिनाथची मोटारसायकल आली.

"तात्या, घर तिकडं राह्यलं की!"

"ठाव हाय बे मला. फिराया चाललो."

"हां हां, बसा," लेकराची समजूत काढावी तसं म्हणत अजिनाथनं त्यांना गाडीवर घेतलं आणि दारात आणून सोडलं.

पुढं हे रोजचंच झालं. लिंबाखाली डोळे मिटून उभे होते, तर बायांनी चक्कर आली समजून डोक्यावर घागर ओतली. एकदा तर लोकांनी त्यांना स्वतःच्याच मळ्यातून उचलून आणलं. त्यांचा ओला फोटो मोबाईलवर फिरला, पुण्याहून मुलगा राम फोनवर रडवेला होऊन बोलला, आणि माजी सरपंच सुंदररावांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "तात्या दिसले की घरी पोचवा!"

तात्यांचाच धीर सुटत चालला. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या बायकोला, मुक्ताबाईंना त्यांनी विचारलं, "अगं, समदा गाव म्हणतोय. मी खरंच हरवतो का?"

"हरवले असते तर जेवायच्या वक्ताला बरोबर कसे आले असते?" मुक्ताबाई मान वर न करता म्हणाल्या.

त्या बोलण्यानं तात्यांना बळ आलं. ते तडक देवळात गेले आणि स्वतःच भोंग्यावर बोलले, "मी हरवलेलो न्हाई! ह्यो मेंदूचा व्यायाम हाय. आजपासून मला कुणी आडवायचं न्हाई, रस्ता बी सांगायचा न्हाई!"

गावानं हे मनावर घेतलं. तात्या मोकळे झाले आणि एका दुपारी पाटाच्या पलीकडं उसात शिरले. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, गाडीवाटेला फाटे, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. थोड्या वेळानं आपण कुठून आलो तेच त्यांना कळेना. तेवढ्यात अजिनाथची गाडी आली.

"अजिनाथ, गावाकडं कोणती वाट रं?"

अजिनाथ हसला. "आवो तात्या, परीक्षेत कॉपी न्हाई चालायची!" आणि धुरळा उडवत गेला. धुरळा बसला तेव्हा तो कोणत्या फाट्याला वळला, हेही दिसलं नाही.

आता मात्र तात्या एकदा या फाट्याकडं, एकदा त्या फाट्याकडं बघू लागले. म्हणजे गावच खरं होतं? आज वाट गेली, उद्या रामचं नाव जाईल, परवा मुक्ताचं? ते बांधावर बसले. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. भीती काही गेली नाही, पण शेजारी येऊन बसावी तशी जरा शांत झाली. पाचट सळसळत होतं. कुठंतरी पाण्याचा आवाज होता. मग पाचटावर पावलं वाजली.

डोळे उघडले तर पदरानं घाम पुसत मुक्ताबाई उभ्या.

"तू? हितं कशी?"

"भोंग्यावर बोलले तवापासून रोजच येते की मागं. म्हणलं, नजर असलेली बरी."

तात्यांनी हात पुढं केला. म्हणाले, "बरं झालं बाई. चल, वाट दाव."

मुक्ताबाई गोंधळल्या. "मी? मी तर तुमच्या पाठीकडं बघून आले. वाटंकडं कशाला बघू? मला वाटलं, तुमाला ठाव असंल!"

साऱ्या भावकीच्या जन्मतिथी तोंडपाठ असणारी ही बाईसुद्धा हरवली होती! तात्यांना असं हसू फुटलं की बांधावरून घसरलेच. मुक्ताबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग पाण्याच्या आवाजाच्या रोखानं चालत दोघं पाटावर आली आणि दिवस मावळता मावळता घरी पोचली.

आताही तात्या रोज निघतात, पण मुक्ताबाई मागून नाही, बरोबरीनं चालतात. "कुठं निघाले?" असं कुणी विचारलं, की तात्यांच्या आधी त्याच सांगतात, "हरवाया!"