अण्णांची म्हैस आणि गुहेचं दार

कुठल्याही नव्या दारात अण्णा पवार आधी दोन्ही हात पसरून उभे राहतात. बँक असो, लग्नाचा हॉल असो की डोळ्यांचा दवाखाना. मागे रांग तुंबते, वॉचमन खेकसतो, पण चौकट मापल्याशिवाय अण्णा आत जात नाहीत. "शिंगं आडकत्यात," एवढंच म्हणतात आणि मान तिरकी करून शिरतात.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सगळं आयुष्य कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीची धार काढून दूध विकण्यात गेलं. रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर टेबलावर गुहेचा नकाशा पसरतो, एकेक पात्र घेतो आणि फासे टाकून राक्षसांशी लढतो. गोष्ट मी सांगते, नियमही मीच सांभाळते. एकदा आमचा आरडाओरडा ऐकून अण्णा भांडायला म्हणून वर आले आणि खेळायलाच बसले.

मी त्यांना जंगलातल्या वैद्याचं पात्र दिलं. या वैद्याला सोबतीला एक प्राणी मिळतो. लांडगा घ्या, ससाणा घ्या, मी म्हटलं.

"म्हैस," अण्णा म्हणाले.

"सुरुवातीला कुत्र्याएवढाच प्राणी चालतो, अण्णा. मोठा घेतला की खेळाचा तोल जातो."

"म्हशीमुळं कुनाचा तोल गेलाय आजवर? गरीब जनावर हाय ते!"

म्हटलं, घेऊ दे हौस भागवून. पहिल्याच झटापटीत म्हशीनं सगळे राक्षस शिंगांवर घेतले. आमच्यातली तलवारवाली म्हणजे शबाना. तिची तलवार म्यानातच राहिली.

"अण्णा, समदं तुमची म्हैसच मारत्या, मग आम्ही काय शेण काढायचं?"

"काढा की. पुण्य लागतंय."

त्यात ती म्हैस पुढच्या गुहेत मावेना.

"दार मोठं कर की, मास्तरीण!"

"अहो, हजार वर्षांची गुहा आहे ती."

"मग पाडा. हितं पाडलं न्हाईत व्हय?"

शेवटी तडजोड झाली. अण्णांनी कुत्र्याएवढं रेडकू घ्यायचं आणि खेळ पुढे जाईल तसं त्यानं वाढायचं. त्याचं नाव चंद्री. मग तर खेळाचा तोल पारच उलटा गेला. राक्षस अंगावर आला तरी अण्णा आपल्या पाळीला चंद्रीला पाणी पाजत. लढायला पाठवा म्हटलं, की "बारकी हाय ती" म्हणून आमच्यावरच डाफरत. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटारसायकलींमागे पळवत मिरवतात, म्हणून अण्णांनी त्या दिवशी लढाईच थांबवली. चंद्रीच्या लाकडी सोंगटीला मोरपीस बांधलं, शबानानं तोंडानं मोटारसायकलचा आवाज काढला आणि राक्षसांना बाजूला उभं करून आम्ही गुहेतून मिरवणूक काढली. मी इतकी हसले की फासे गच्चीवरून खाली पडले.

गेल्या रविवारी आम्ही खेळाच्या वरच्या पायरीला पोचलो. मी थाटात जाहीर केलं, "अण्णा, आता नियमात बसतंय. चंद्री पूर्ण वाढू शकते!"

वाटलं, गच्ची डोक्यावर घेतील. अण्णांनी सोंगटी मुठीत धरली.

"नगं. बारकीच ऱ्हाऊ दे."

"तुम्हीच तर भांडत होता!"

"मोठी झाली की दारात मावत न्हाय म्हनशील. मग हिलाबी गडमुडशिंगीला धाडायची व्हय?"

 आमची इमारत उभी आहे तिथे अण्णांचा गोठा होता. फ्लॅट झाले, गोठ्याला जागा उरली नाही, तेव्हा त्यांची शेवटची म्हैस गडमुडशिंगीला भाच्याकडे गेली. तिचंही नाव चंद्रीच होतं. तेव्हापासून हा माणूस प्रत्येक दारात हात पसरून काय बघत होता ते मला आत्ता कळलं.

मी खोडरबर घेऊन पुढच्या गुहेचं दार पुसलं आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. "काढा तुम्हीच. पाहिजे तेवढं रुंद."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून हात पसरले, मान तिरकी न करता नीट अंदाज घेतला आणि नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दार काढलं.

"अण्णा, यवढ्या दारातनं समदे राक्षस भाईर येतील की!" शबाना ओरडली.

"येऊ देत," मूठ उघडून चंद्रीला दारात उभं करत अण्णा म्हणाले. "आता मोठी झालीया ती."