मोचीसाठी अदलाबदल

ऐंशी उलटली तरी तोकुजिरो आजोबा सुका माकूळ दातांनी फाडून खात. दात शाबूत म्हणजे चावणं शाबूत, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या बायकोची, किनुएची, मात्र पूर्ण कवळी. त्यामुळे सूनबाई सातोमीने नव्या वर्षाच्या मोचीसाठी चावण्याच्या तपासणीची अट घातली, तेव्हा आजोबांना घोर लागला तो किनुएचा. चिकट तांदळाचा तो गोळा म्हाताऱ्यांच्या घशात अडकतो. म्हणून सातोमीने बजावलं होतं, की चावण्यात जो नापास, त्याच्या वाडग्यात यंदा पेज. आणि मोचीवाचून किनुएचं नवं वर्ष उजाडत नसे.

गावच्या सभागृहात नर्सताईंनी सगळ्यांना हिरवं च्युइंगगम दिलं. नीट चावलं की ते लाल होतं. मग कागदाच्या पुडीत बांधून समोर ठेवायचं. किनुए शेजारणीशी बोलायला वळली, तशी आजोबांनी हळूच दोघांच्या पुड्या बदलल्या. (साठ वर्षांच्या संसारातलं त्यांचं हे पहिलंच धाडस.) पेज आपल्याला, मोची तिला. त्यांना फार बरं वाटलं.

ताईंनी पुड्या उघडल्या. आजोबांच्या पुडीतला गोळा डाळिंबासारखा लाल. किनुएच्या पुडीतला हिरवागार, वर दातांचे खोल ठसे.

“आई, यंदा तुम्हाला पेज,” सातोमी म्हणाली.

किनुएचा चेहरा उतरला. आजोबांना राहवेना. त्यांनी सावकाश सगळं सांगून टाकलं. सभागृह हसलं.

किनुए हिरवा गोळा न्याहाळत होती. “तरीच. जन्मभर बघतेय, हे नुसता घास दाबतात, फिरवत नाहीत.”

ताईंनी मग यंत्राला जोडलेला एक छोटा फुगा जिभेने टाळूवर दाबायला लावला. आजोबांचा काटा जेमतेम हलला. किनुएचा असा चढला, की ताईंनी यंत्र पुन्हा तपासलं. दात चिरडतात, त्या म्हणाल्या, पण घास वळवून पुन्हा दातांखाली सारते ती जीभ. आणि जिभेला बोलण्याचा व्यायाम हवा.

आजोबा बायकोकडे बघतच राहिले. आपण जिला बडबड म्हणत आलो, ती तालीम होती तर.

नव्या वर्षाच्या सकाळी किनुए डोळे मिटून मोची खात होती. गालाआडचा जिभेचा तो खेळ आजोबा पेज विसरून पाहत होते. रोज बायकोशी मोठ्याने बोला, असं ताईंनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बराच विचार केला, घसा खाकरला.

“किनुए, तू... फार छान चावतेस.”

“जेवताना बोलू नका,” ती म्हणाली. “पेजेचाही ठसका लागतो.”