चिडीचूपची धडधड

चिडीचूप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण सर्वेक्षणाच्या तळावर खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. रेकॉर्डिंगच्या गाडीत पडद्यासमोर बसायचं आणि वॉकीटॉकीवरून साऱ्या माळाला गप्प करायचं, हे त्याचं काम. “शूऽऽ, कुणी हलू नका!” हे तो झोपेतही ओरडतो, असं तंबूतले सोबती शपथेवर सांगत.

त्याचाही इलाज नव्हता. माळावर दूरवर जमिनीत खोचलेले जिओफोन म्हणजे भलतेच तिखट कान. अवजड ट्रक जमिनीला हादरा द्यायचे, तो खोल खडकांवर आपटून परत यायचा आणि हे कान तो टिपायचे. अशा असंख्य प्रतिध्वनींतून जमिनीच्या पोटाचं लांबी-रुंदी-खोलीसकट चित्र उभं राहायचं आणि मग गॅसची विहीर कुठे खोदायची ते ठरायचं. त्यात कुणी नुसतं शेजारून चाललं, तरी पडद्यावर त्याच्या पावलांचीच रांगोळी उमटायची.

आज शेवटचा एकच हादरा उरला होता. आणि ज्या मुलीशी चिडीचूपला लग्न करायचं होतं, तिचे बाबा आजच त्याच्या शेजारी येऊन बसले होते.

तिने याला पसंत केलं होतं, याने तिला. घोडं अडलं होतं ते बाबांपाशी, हे साऱ्या तळाला ठाऊक होतं. बाबा निवृत्त कवायत शिक्षक. आवाज असा, की कानात कुजबुजले तरी शेजारच्या घरात ऐकू जाई. “मुलगा काय करतो, तर गप्प बसतो! त्याचा पगार कोण देतं?” हा त्यांचा सवाल. तेव्हा तिनेच त्यांना काम बघायला पाठवलं होतं. त्यांना काट्याकुट्यांतून चालायला लागू नये म्हणून चिडीचूपने गाडी पार जिओफोनच्या रांगेला खेटून उभी केली होती.

“काका, आता थोडा वेळ अजिबात हलायचं नाही हं.”

“मी पुतळा झालोय,” बाबा म्हणाले आणि खरोखरच झाले.

ट्रक तयार झाले. चिडीचूप हुकूम देणार, तेवढ्यात त्याला पडद्यावरची एक रेघ थुईथुई नाचताना दिसली.

“थांबा! कुठेतरी धडधड आहे!”

“गुरं असतील,” वॉकीटॉकीवरून पथकप्रमुख म्हणाले. “बघून ये म्हणावं कुणाला तरी.”

गाडीचा ड्रायव्हर बघायला गेला. आता पडद्यावर ड्रायव्हर चालायला लागला.

“ड्रायव्हरदादा, जागीच थांबा!”

“जागीच थांबून बघू कसं?”

त्याला हाताने खुणा करायला तारा जोडणारा धावला, तारा जोडणाऱ्याला आवरायला त्याचा मुकादम धावला, आणि पडद्यावर वरात निघाली. सगळ्यांना कसंबसं जागच्या जागी बसवलं, तरी ती पहिली रेघ नाचतच होती.

“अरे, वारा सुटला की सगळं मुसळ केरात जाईल!” प्रमुखांचा आवाज चढला. “उद्या सामान हलतंय. आज नाही जमलं, तर चित्राला भोक पडेल, आणि तेही नेमकं विहिरीच्या जागी! ड्रिलिंगवाले माझं डोकं खातील आणि मी तुझं!”

हे सगळं बाबांच्या देखत. चिडीचूपला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो स्वतःच खाली उतरला, रांगत जिओफोनपाशी गेला, तो उपटून पुन्हा घट्ट रोवला, जमिनीला कान लावून पाहिला. सगळीकडे सामसूम.

तो परत आला. बाबांचे फक्त डोळे हलत होते. “बोलू का?”

“काका, प्लीज, नंतर.”

पुन्हा धडधड! तो पुन्हा उतरला, पुन्हा शांतता. परत आला, पुन्हा रेघ नाचायला लागली.

“आता तरी बोलू का?”

चिडीचूपच्या मनात नको ती शंका आली. “काका, रागावू नका, पण तुमचा पाय-बिय हलतोय का?”

“माझा पाय?” बाबांनी आवाज दाबला, तरी काच थरारली. “अख्ख्या शाळेला उभ्या जन्मात पाय हलवू दिला नाही मी! तुम्ही बाहेर जाऊन कान लावून बसलात की ती रेघ सरळ होते. आत येऊन बसलात की नाचते. जरा खाली बघा.”

त्याने खाली बघितलं. त्याचा उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा चालला होता.

“हे... कधीपासून चाललंय?”

“मी गाडीत पाऊल ठेवलं तेव्हापासून.”

त्याने तो गुडघा दाबून धरला, तर डावा सुरू झाला.

“अहो, एवढं घाबरायला झालं काय?”

“तुम्ही नाही म्हणालात तर...” चिडीचूप पुटपुटला. “मला दुसरी कुणी नकोय, काका.”

बाबांनी आपले दोन्ही रुंद पंजे त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ठेवले आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “सावधान.”

रेघ सरळ झाली.

“द्या हादरा!”

जमीन थरथरली, पडदा रेघांनी भरला. सगळे श्वास रोखून बसले होते.

“वा! एकदम स्वच्छ!” प्रमुख खूश झाले. “पण ती धडधड होती कुणाची? कळू दे तरी त्या महाभागाचं नाव!”

सगळ्या माळावरच्या वॉकीटॉकी कान टवकारून होत्या. आजवर ज्याने साऱ्यांना गप्प केलं, त्याची आता उभ्या तळावर शोभा होणार होती. चिडीचूपने तोंड उघडलं, पण बाबांनी त्याच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतली.

“माझा पाय हलला, साहेब. म्हातारा माणूस आहे. माफी असावी.”

“आपण कोण?”

बाबांनी चिडीचूपकडे एकवार नीट बघून घेतलं.

“मी? याचा सासरा.”

क्षणभर पडदा शांत राहिला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून सगळ्या रेघा उसळल्या. माळावरचा माणूस न् माणूस उड्या मारत होता.

“अरे,” प्रमुख कळवळून ओरडले, “आता हा कसला आवाज?”